गाणे एक, पंगती दोन



कीर्तन सांगणे थांबवून मला सहा वर्षे झाली. गळा राहिला नाही. आता दुपारी ओटीवर बसून वाचतो आणि संध्याकाळी हरिपाठाला मागच्या ओळीत टाळ घेऊन उभा राहतो. पंचेचाळीस वर्षे पुढे उभे राहून जे कळले नाही, त्यातले काही मागे उभे राहिल्यावर कळू लागले आहे. म्हणून आज एका जुन्या लेखाविषयी लिहितो. लेख आपल्या वारीवरचा आहे. लिहिणाऱ्या बाई आपल्या संप्रदायातल्या नव्हेत. पण आपल्याला विचारण्यासारखा एक प्रश्न त्यांनी लिहून ठेवला आहे, आणि माझ्या मते आपण अजून त्याचे उत्तर दिलेले नाही.

लेखाचे नाव ‘वाटचाल’. लेखिका इरावती कर्वे. त्यांच्या ‘परिपूर्ती’ ह्या १९४९ सालच्या पुस्तकात तो आहे. पुढे १९६२ साली तो इंग्रजीत गेला आणि वारीविषयी जाणून घेऊ पाहणारे परदेशी अभ्यासक तो वाचू लागले. इरावतीबाई पुण्याला डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्र शिकवीत. महाभारतावरचे त्यांचे ‘युगान्त’ पुष्कळांना ठाऊक असते, हा लेख त्या मानाने कमी लोकांनी वाचलेला दिसतो. माझ्याही हाती तो उशिरा आला. मुंबईला परळच्या एका चाळीत कीर्तन झाल्यावर एका श्रोत्याने पुस्तक हातात ठेवले आणि म्हणाला, “बुवा, तुमच्याच तालुक्याच्या सूनबाई आहेत. वाचा.”

ते खरे होते. आमच्या आंजर्ल्याची खाडी ओलांडली की हर्णै, आणि हर्णैच्या पुढे मुरूड. ज्यांना सारा देश महर्षी कर्वे म्हणून ओळखतो ते धोंडो केशव कर्वे ह्या मुरूडचे. इरावतीबाई त्यांच्या सूनबाई. १८९३ साली धोंडोपंतांनी एका विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. बहिष्कार म्हणजे काय, हे गावातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. पंक्तीला बोलावणे बंद. ज्या घराने पंगत तुटण्याचे दुःख भोगले, त्या घरात ह्या बाई सून म्हणून आल्या होत्या. वारीत चालताना त्यांची नजर पंक्तीकडे गेली ह्याचे मला म्हणूनच नवल वाटत नाही.

लेखात काय आहे, ते आधी थोडक्यात सांगतो. बाई एका दिंडीबरोबर पंढरीला पायी निघाल्या. दिंडी एक, पण तिच्यात मंडळी दोन: एक ब्राह्मणांची, एक मराठ्यांची. दोन्ही मंडळी एकाच वाटेने चालत आणि तेच अभंग म्हणत. मुक्कामी पोचले की चुली मात्र वेगळ्या पेटत आणि पंगती वेगळ्या बसत. बाई दोन्हीकडे चालल्या, दोन्हीकडे गायल्या. मग एके दिवशी त्या मराठा बायकांच्या पंगतीला जाऊन जेवल्या. त्यानंतर त्या बायकांचे वागणेच पालटले. त्या हात धरून चालू लागल्या, घरच्या गोष्टी सांगू लागल्या, ‘ताई’ म्हणू लागल्या. आम्ही पुण्याला तुमच्याकडे येऊ, असेही काहीजणी म्हणाल्या. तेव्हा एका तरुण मुलीने बाईंना विचारले की, तेव्हाही तुम्ही आमच्याशी आत्तासारख्याच वागाल ना?

तो प्रश्न आपल्याला फार खोल लागला असे बाई लिहितात. इतकी शतके शेजारी राहूनही आपण एकमेकांचे झालो नाही, ही खंत त्या मांडतात. त्याच लेखात, ज्या भूमीतली माणसे पंढरीच्या वाटेला लागतात ती भूमी म्हणजे महाराष्ट्र, अशी महाराष्ट्राची नवी व्याख्याही त्यांना सापडते. लोक ती व्याख्या भाषणात सांगतात. त्या मुलीचा प्रश्न फारसा कोणी सांगत नाही.

आता पूर्वपक्ष मांडतो. आपल्यातले पुष्कळ जण म्हणतात, आणि एकदा एका फडावर माझ्यादेखत एका वयोवृद्ध महाराजांनी म्हटलेही, की ह्या शिकलेल्या लोकांना वारीत दुसरे काही दिसत नाही. लाखो माणसे नाचतात, गातात, देहभान विसरतात, आणि हे मोजत बसतात कोण कुठे जेवला. भक्तीच्या घरात येऊन चूल कसली पाहता? दुसरा आक्षेप असा, की ही गोष्ट जुन्या काळची झाली. आज बऱ्याच दिंड्यांत एकच पंगत बसते. मीही त्या पंक्तींत जेवलो आहे. मग जुनी खपली आता का काढायची?

पहिल्या आक्षेपाचे उत्तर लेखातच आहे. बाई वही घेऊन कडेला उभ्या राहिलेल्या नाहीत. त्या चालल्या आहेत आणि गायल्या आहेत. बालपणापासून पाठ असलेले अभंग हजारो मुखांनी ऐकताना त्यांना मराठी भाषेचा जो साक्षात्कार झाला, तो वाचताना आपल्या संप्रदायातल्या माणसाचाही ऊर भरून येतो. ज्याला गाण्यातली एकी दिसली, त्यालाच पंगतीतली दुही बोचते. ज्याला पहिली दिसलीच नाही, त्याला दुसरीचे काय वाटणार? तेव्हा बाईंची तक्रार बाहेरच्या माणसाची नाही. ती गाणाऱ्याची तक्रार आहे.

दुसऱ्या आक्षेपाकडे मी शेवटी येतो. त्याचे उत्तर लेखात नाही, ते आमच्या घराच्या पडवीत आहे.

त्याआधी मला ह्या लेखात जे कमी वाटते ते सांगितले पाहिजे. नाहीतर समीक्षा म्हणायची आणि नुसता मान डोलावून मोकळे व्हायचे, असे होईल. बाईंनी अभंगाचा शब्द ऐकला आहे, भाषा ऐकली आहे, तिच्यातला इतिहास ऐकला आहे. पण माणसे एकत्र गातात तेव्हा त्यांच्यात नेमके काय घडते, ते माझ्या वाचनात ह्या लेखात पुरेसे येत नाही. ते टाळ धरणाऱ्यालाच ठाऊक असते, म्हणून मी सांगतो.

वारकरी कीर्तन हे एका माणसाचे कीर्तन नव्हे. नारदीय कीर्तनात बुवा एकटा रंग भरू शकतो. आपल्याकडे तसे नाही. कीर्तनकार चरण उचलतो आणि अर्ध्यावर सोडून देतो. तो उरलेला अर्धा मागचे टाळकरी उचलतात. त्यांनी उचलला नाही तर कीर्तन तिथेच खाली बसते. ह्याचा अनुभव मी घेतला आहे. तरुणपणी आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षे काढून गावी परतलो तेव्हा मला विद्येचा ताठा होता. पहिल्याच कीर्तनात मी एक अवघड चाल घेतली. मागची माणसे शेतावरून आलेली. त्यांना ती येईना. मी मात्र हट्टाने तीच घेत राहिलो. चौथ्या आवर्तनाला माझ्या मागे फक्त टाळ वाजत होते, गळा एकही नव्हता. त्या रात्री विणेकऱ्यांनी मला एवढेच सांगितले, “बुवा, चाल आपल्याला येते म्हणून घ्यायची नसते. मागच्याला उचलता येते म्हणून घ्यायची असते.” चार वर्षांच्या शिक्षणावर त्यांनी तो कळस चढवला.

टाळ वाजवतानाही हेच आहे. आपला टाळ ऐकत वाजवणारा हमखास चुकतो. शेजारच्याचा ऐकत वाजवणारा चुकत नाही. वीस माणसे उभी असली आणि प्रत्येकाने शेजाऱ्याकडे कान ठेवला, की विसांचा एक टाळ होतो. श्वासाचेही तसेच. लांब चरण एका दमात कोणालाच म्हणता येत नाही. एकाचा श्वास तुटतो तेव्हा दुसऱ्याचा चालू असतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला चरण अखंड वाटतो. ज्याचा सूर लागत नाही तोही त्या ओघात वाहून जातो, त्याला कोणी बाहेर काढीत नाही. चाल संथ सुरू होते, पखवाज हळूहळू लय वाढवतो, पाय पावली धरतात, आणि एक वेळ अशी येते की कोणाचा आवाज कोणता हे सांगता येत नाही. त्या वेळी शेजारच्या माणसाविषयी जे वाटते त्याला प्रेम हाच शब्द आहे. मला तरी दुसरा सापडलेला नाही. त्याचे घर, त्याचा जमीनजुमला, त्याने गेल्या पावसाळ्यात आपला बांध कोरला होता की नाही, काहीही आठवत नाही.

कोकणात ह्याला आणखी एक बाजू आहे. देशावरच्यासारखी आषाढी आम्हांला सहज साधत नाही. आषाढात आमची लावणी. सारा गाव चिखलात. आमची माणसे पंढरीला गेली तर बहुधा कार्तिकीला नाहीतर माघीला. आषाढी एकादशीला आमची पंढरी गावातच, आणि तिची वाट म्हणजे भजन. गिरणीत नोकरीला गेलेली आमची माणसे मुंबईच्या दहा बाय दहाच्या खोलीत पंधरा जण राहत, आणि रात्रपाळीवाले परतले की तिथेच टाळ काढीत. परक्या शहरात ते त्यांचे गाव होते. आजारी पडला तर डॉक्टरकडे नेणारा, मेला तर खांदा देणारा, गावी पैसे पोचवणारा, सगळे त्या भजनातून मिळत. हे मी चाळीचाळींतून डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून कोणी मला म्हणाला की भजनातले प्रेम हा घटकाभराचा भास आहे, तर मी ते मानणार नाही. ते प्रेम खरे आहे.

आणि खरे आहे म्हणूनच त्या मुलीचा प्रश्न अवघड आहे. प्रेम खोटे असते तर प्रश्न विचारायचे कारणच नव्हते. तिने ते प्रेम हातात हात घेऊन अनुभवले होते. तिला एवढेच जाणून घ्यायचे होते, की हे घरी पोचते का?

आता पडवीची गोष्ट.

माझ्याबरोबर एकोणीस वर्षे एकाच माणसाने पखवाज वाजवला. नाव लिहीत नाही. ते आज असते तर त्यांना आवडले नसते. ते खाडीच्या वरच्या अंगाला, अर्ध्या तासाच्या वाटेवर राहत. घराणे चर्मकाराचे. पखवाज ते स्वतः मढवीत. कातडे निवडणे, पुडी चढवणे, वादी ओढणे, शाई भरणे, सगळे त्यांच्या हातचे. पंचक्रोशीतल्या देवळांत वाजणारे कितीतरी पखवाज त्या हातांनी मढवलेले होते. त्यांच्या हाताचा पखवाज गाभाऱ्यासमोर वाजे, तेव्हा त्या कातड्याला कोणी विटाळ म्हटला नाही.

पखवाजाच्या धुमेला कणीक लावावी लागते, हे आपण जाणता. आमच्याकडे घरोघरी भात, गहू क्वचित. माझी आई पखवाजासाठी म्हणून गव्हाच्या पिठाचा एक डबा वेगळा ठेवी. भजनाच्या दिवशी ते संध्याकाळी येत, पडवीच्या पायरीवर बसत आणि म्हणत, “बुवा, कणीक हवी होती थोडी.” आई आतून केळीच्या पानावर पीठ आणी आणि ते पान वरून त्यांच्या हातात सोडी. ते पाण्याने कणीक मळीत, धुमेवर थापीत, थाप मारून पाहत, पुन्हा थोडी काढीत. आवाज जमला की हसत. मग आम्ही देवळात जात असू. तिथे ते मला बुक्का लावीत, मी त्यांना लावी. आम्ही एकमेकांच्या पाया पडत असू, माउली म्हणत असू. आणि त्यात खोटे काही नव्हते. त्यांची थाप समेवर पडली की माझ्या अंगावर काटा येई.

भजन संपले की मंडळी आमच्या घरी भाताला येत. सगळे माजघरात. ते पडवीत. त्यांचे पान तिकडे वाढले जाई. जेवण झाले की ते स्वतःचे पान स्वतः उचलीत, खाली उकिरड्यावर टाकीत आणि बसलेली जागा शेणाने सारवून मग निघत. त्यांना तसे करायला कोणी सांगितले नव्हते. मला वाटे, केवढा विनय! एकोणीस वर्षे मला असेच वाटत होते. माझी आई वाईट नव्हती. मीही स्वतःला वाईट समजत नव्हतो. मी चोखोबांच्या अभंगावर निरूपण करीत असे, लोक डोळे पुसत. ते सांगत असताना माझ्या डाव्या हाताला पखवाज असे.

‘वाटचाल’ मी वाचला तेव्हा त्यांनी वाजवणे सोडले होते. सांधे धरले होते. त्या मुलीच्या प्रश्नाशी पोचलो आणि पुस्तक मिटले. गावी आल्यावर चार दिवस काढले, पाचव्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. एकोणीस वर्षांत मी त्या घरी कधी गेलो नव्हतो. अर्ध्या तासाची वाट. मी दापोली, मंडणगड, खेड तालुक्यांतली गावे पालथी घातली होती, मुंबईच्या चाळी पाहिल्या होत्या, आणि ही वाट चाललो नव्हतो. त्यांना म्हटले, आज तुमच्याकडे जेवायला आलो आहे. ते गडबडले नाहीत. एवढेच म्हणाले, “कळवलं असतंत तर भात वाढवून टाकला असता.” वहिनींनी भात आणि कुळथाचे पिठले वाढले. जेवताना ते पखवाजाविषयीच बोलत राहिले. “तुमच्याकडची कणीक बरी असायची, बुवा. चिकट. धूम चांगली बोलायची.” मला घास गिळवेना. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ते कारागीर होते, कणकेविषयी बोलत होते.

निघताना मी मुलाची चौकशी केली. तो लहानपणी त्यांच्याबरोबर भजनाला येई. आठ-नऊ वर्षांचा असताना त्याचा हात असा चालायचा की म्हातारे टाळकरी मान हलवीत. पुढे यायचा बंद झाला. मी समजत होतो शाळा, मग नोकरी. ते म्हणाले, “तो चौथीत होता. तुमच्याकडनं जेवून घरी आलो, तर मला विचारलंन, आपण जेवल्यावर जमीन का सारवायची? मला सांगता आलं नाही. मग तो आला नाही.”

वाचक माउली, भजनी मंडळे ओस पडली म्हणून आपण ह्या मासिकात किती वेळा लिहिले असेल. मीही लिहिले आहे. कारणे आपण पाठ म्हणतो: मुंबई, दूरदर्शन, आता मोबाईल. ती खोटी नाहीत. आमच्या गावात गणपतीला चाकरमानी येतात तेवढे दहा दिवस टाळांना माणसे मिळतात, मग पुन्हा आम्ही म्हातारे. पण एक कारण आमच्या पडवीत होते, आणि ते मी कधी मोजले नव्हते. आम्हांला एक पखवाजी मिळणार होता, तो आम्ही गमावला. तो मुलगा गाणे सोडून गेला नाही. गाण्यातले प्रेम दारापर्यंतच येते हे पाहून गेला. चौथीतल्या मुलाला जो प्रश्न पडला तोच वारीतल्या त्या मुलीला पडला होता. तिने मोठ्या आशेने विचारला, ह्याने विचारून उत्तराची वाट पाहिली नाही, एवढाच फरक.

‘ही जुन्या काळची गोष्ट’ म्हणणाऱ्यांना माझे हे उत्तर आहे. दिंडीतली पंगत एक झाली, हे चांगलेच झाले. पण त्या मुलीने दिंडीतल्या पंगतीविषयी विचारलेच नव्हते. तिथे तर बाई तिच्याबरोबर जेवल्याच होत्या. तिने पुण्यातल्या घराविषयी विचारले होते. वारीत एका पानावर जेवणे आजही सोपे आहे, कारण तिथे कोणाचेच घर नसते. अवघड असतो तो आपला उंबरठा.

ह्यावर आपल्या परंपरेचे काय म्हणणे आहे? मी जन्मभर सिद्धांत सांगितला, म्हणून इथेही शोधला. तो डोळ्यांसमोरच होता. सप्ताहात सात दिवस आपण गातो, पण गाण्याने सप्ताह पुरा होत नाही. शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन लागतेच. काला म्हणजे काय? गोकुळातल्या गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, कोणाची बरी, कोणाची शिळी, आणि देवाने त्या सगळ्या एकात कालवल्या. कोणाचे काय हे ओळखू येईनासे झाले, मग एकमेकांच्या मुखात घास दिला. जे गाण्यात आवाजांचे झाले तेच काल्यात अन्नाचे होते. संतांनी हे दोन सोहळे एकापुढे एक ठेवले ते उगीच नव्हे. गाणे ही साधना आणि काला तिची कसोटी. नाथमहाराज राण्या महाराच्या घरी जेवल्याची कथा महिपतींनी सांगितली आहे, ती ह्याच कसोटीची. आणि चोखोबांना जन्मभर ज्या महाद्वाराबाहेर ठेवले, त्या महाद्वारासमोरच त्यांची समाधी आहे. पंढरीला जाणाऱ्या प्रत्येकाला ती ओलांडून नामदेवांच्या पायरीशी जाता येत नाही. तिथे थांबावेच लागते.

चोखोबांचे ते दार उघडावे म्हणून १ मे १९४७ पासून पंढरपुरात ज्यांनी प्राण पणाला लावून उपोषण केले ते साने गुरुजीही आमच्याच दापोली तालुक्यातले, पालगडचे. संप्रदायातल्या कित्येकांनी तेव्हा विरोध केला होता. पण गुरुजींना उपोषणासाठी जागा दिली ती तनपुरे महाराजांनी आपल्या मठात, हेही आपण विसरू नये. दार उघडले. म्हणजे एका तालुक्याने मुरूडच्या त्या घरातून प्रश्न लिहून ठेवणारी सून दिली आणि पालगडातून उत्तर देणारा माणूस दिला. मधे आंजर्ल्याला बसून मी पानावर पीठ वरून सोडलेले पाहत होतो.

आता बाईंच्या व्याख्येविषयी एक शब्द. पंढरीच्या वाटेला लागणाऱ्यांची भूमी म्हणजे महाराष्ट्र, हे मला अर्धे पटते. जाणे सोपे असते. जाताना पालखीबरोबर समुद्र लोटतो. परतवारीला माणसे थोडी असतात. सगळे गाडी धरून घरी येतात आणि घरी आल्यावर पूर्वीसारखे होतात. मी बाईंच्या व्याख्येत एवढीच भर घालीन, की पंढरीहून जसा निघाला तसाच जो आपल्या गावात शिरतो, तो वारकरी. बाईंनी त्या मुलीला काय उत्तर दिले हे लेखात सांगितलेले नाही. काहींना तो लेखाचा उणेपणा वाटेल. मला तो त्याचा प्रामाणिकपणा वाटतो. उत्तर लिहून द्यायचे नव्हतेच, वागून द्यायचे होते, आणि ते एकट्या बाईंनी द्यायचे नव्हते.

एक बरी गोष्ट सांगून थांबतो. आमच्या गावात आता बायकांचे भजन जोरात आहे. माझी सून त्यात जाते. वेगवेगळ्या वाड्यांतल्या बायका आहेत. आज हिच्या घरी, पुढच्या गुरुवारी तिच्या. पेटी कोणाला नीट वाजवता येत नाही, ताल मागेपुढे होतो, आणि आमच्यासारखे जुने लोक नाक मुरडतात. मीही मुरडले होते. मग एकदा लक्षात आले, की भजन झाल्यावर ज्या घरी भजन त्या घरच्या स्वयंपाकघरात सगळ्याजणी शिरतात, चहा कोण करते आणि कप कोण विसळते ह्याचा पत्ता नसतो. त्यांनी कोणाचा लेख वाचलेला नाही. आम्ही एकोणीस वर्षे तालात गायलो आणि जिथे पोचलो नाही, तिथे त्या बेताल गात पोचल्या आहेत.

आमच्या पखवाजी माउलींना जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांनी मढवलेला पखवाज मंडळात आहे. गेल्या सप्ताहात त्यांचा मुलगा गावी आला होता. आता तोही साठीकडे झुकला आहे. मी त्याला काल्याला ये म्हणून सांगायला गेलो, तेव्हा त्याने पाणी दिले आणि “बघतो” म्हणाला. काल्याला तो आला नाही. मला त्याचा राग नाही. पुढच्या वर्षी पुन्हा जाईन, चालवले तर.

तुमच्याही मंडळात तुमच्या उजव्या-डाव्या हाताला कोणी टाळ घेऊन उभे असेल, ज्याचा टाळ ऐकून तुम्ही तुमचा सांभाळता. त्याच्या घराची वाट तुम्हांला माहीत आहे का, तेवढे पाहा. माहीत नसेल तर येत्या एकादशीचे पारणे तिकडेच सोडा.

रामकृष्णहरी.